जत्रेदिवशीही हजर

तारीख सतरा जानेवारी १९९४, सोमवार. रक्कम नव्वद रुपये. आमच्या घराच्या सोप्यावर हजर माणसं चार: माझे वडील, डिचोलीच्या मामलेदार कचेरीबाहेर मशीन घेऊन बसणारा टायपिस्ट, मी, आणि खाणीवरचे निवृत्त टायमकीपर. नव्वद रुपये टायपिस्टाला द्यायचे होते, आमच्या घराण्याची वंशावळ तयार केल्याबद्दल. वंशावळ नऊ पिढ्यांची होती. पिढीला दहा रुपये पडले.

वंशावळ लागत होती ती घरासाठी. आम्ही मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधून राहिलेले. जमीन भाटकाराची, घर आमचं. भाटकार वारला आणि त्याच्या मुलाला ती जमीन विकायची होती. आमचं घर अलीकडचं आहे, खाणीवरच्या मजुरांसाठी घातलेली ती एक खोप होती आणि ती कधीच रिकामी व्हायला हवी होती, असं त्याने लिहून दिलं. कायद्याने मुंडकाराला घराखालची जागा विकत घेता येते, पण घर जुनं आहे हे दाखवावं लागतं. आमच्याकडे कागद एकही नव्हता. आजोबा सिंधुदुर्गातून खाणीवर खोरं मारायला आले, त्यांनी मातीच्या भिंती उभ्या केल्या, वर माडाची झापं घातली. पावती कोण कोणाला देणार?

टायपिस्टाने कागद वाचून दाखवला आणि घडी घातली. "नऊ पिढ्यो घातल्यो. कागदाक वजन इलां. आता भाटकाराचो वकील काय बोलता तां बघूया."

टायमकीपरांनी चष्मा पुसला, कागद मागून घेतला आणि खिशातली तांबडी पेन्सिल काढली. प्रत्येक नावापाशी थांबत त्यांनी वडिलांना विचारलं, "ह्या नऊ जणांतलो एक तरी कधी आजारी पडललो काय?"

"माका काय म्हायत? म्हातारे मेले कधीचे."

"मराक आधी जन्माक येवचां लागता."

टायपिस्ट हसला. वडील हसले नाहीत. वडील ट्रक चालवायचे, वीस वर्षं मातीने भरलेले ट्रक जेटीवर नेऊन ओतले. गावात त्यांना अजून कोणीतरी "भायले" म्हणायचं, म्हणजे बाहेरचे. नऊ पिढ्या त्यांना फक्त मामलेदारासाठी हव्या होत्या असं नाही.

"ह्या कागदावर मी सही करूचंय नाय. हे नऊ जण जपानच्या राजांसारखे," टायमकीपर म्हणाले. साक्षीदार म्हणून सही त्यांचीच हवी होती. आजोबांबरोबर खाणीवर काम केलेलं दुसरं कोणी हयात नव्हतं.

"वीस वर्सां आमच्या घरची चाय पिलास," वडील म्हणाले. "आता एक सही मागलंय तर तुमी जपानचे राजे काढतास. उठा. उद्यापासून हय पाय ठेवू नकात."

ते उठले, चपला घातल्या आणि पायरीवरून मागे वळून म्हणाले, "आता तीन."

ही त्यांची सवय होती. कोणाच्याही घरात शिरताना ते आत किती माणसं आहेत ते मोठ्याने सांगत, निघताना किती उरली ते सांगत. रागात, आनंदात, मयताच्या घरीसुद्धा. मी त्यांना काका म्हणत असे, गाव टायमकीपर म्हणे. मूळचे पेडण्याकडचे, मांद्र्याचे. लग्न केलं नव्हतं. खाणीवर नोकरी लागली तशी आमच्या वाड्यावर एक खोली भाड्याने घेऊन राहिले. रोज संध्याकाळी सहा चाळीसला आमच्याकडे चहाला येत. येताना स्वतःचा उंडो, म्हणजे गोव्याचा गोल कडक पाव, घेऊन येत, तो चहात बुडवून खात, आणि उंडो नसेल त्या दिवशी चहाला येतच नसत. कारण विचारलं तर म्हणत, "अर्धी हजेरी मी लावत नाय."

वडिलांनी काढलेले जपानचे राजे हा खरा प्रकार होता, म्हणून तो आधी सांगायला हवा.

गोवा मुक्त झाल्यानंतरच्या वर्षी ते खाणीवर लागले. काम हजेरी मांडायचं. त्यांच्याकडे दोन पेनं असत. निळं हजेरीला, तांबडं खाड्याला. कंपनीच्या मस्टरात खाडा म्हणजे नुसती फुली. पण त्यांच्या खिशात स्वतःची एक वही असे आणि तिच्यात ते खाड्याचं कारणही लिहीत. ताप. मेव्हण्याचं लग्न. बैल हरवला. भांडण. दारू. हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना फुलीवर समाधान होत नसे, एवढंच.

१९७३ साली एका कंत्राटदाराच्या मस्टरात त्यांना काहीतरी खटकलं. अकरा मजूर, सगळे शिरगावचे, वर्षभर रोज कामावर. आणि शिरगावच्या देवीच्या जत्रेदिवशीही हजर. ज्याला शिरगावची जत्रा माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. त्या दिवशी शिरगावचा माणूस खाणीवर जाईल हे होणार नाही. आधीचे पाच दिवस व्रताचे, जत्रेची रात्र जागरणाची. त्या दिवशी आमच्या खाणीवर तांबडी शाई कमी पडत असे. काकांनी अकराही नावांचा शोध घेतला. अकरापैकी एकही माणूस या जगात नव्हता. कंत्राटदाराने नावं छान निवडली होती, फक्त ती नावं जत्रेला पाठवायला तो विसरला.

साहेबांनी काकांची पाठ थोपटली आणि महिन्याभरात त्यांची बदली जेटीवर केली. तिथे बार्जमध्ये खनिज भरायचं काम चाले. यावर त्यांची कुठली तक्रार मी ऐकली नाही. उलट त्या बदलीमुळे त्यांना जपान मिळालं असं ते म्हणत.

आमचं लोखंडाचं खनिज त्या काळी जपानला जात असे, आणि मालाची प्रत तपासायला जेटीवर एक जपानी इंजिनिअर येऊन राहिला होता. तो एकदा पोट बिघडून दोन दिवस आला नाही. काकांनी मस्टराच्या तळाशी त्याचं नाव लिहून पुढे दोन तांबड्या फुल्या मारल्या. साहेब घाबरले. "अरे, तो पाहुणा! त्याची हजेरी तुला कोणी मांडायला सांगितली?" इंजिनिअरने मस्टर पाहिलं, प्रकरण समजून घेतलं, आणि कमरेत वाकून काकांना नमस्कार केला. परत जाताना त्याने आपल्याकडचे जपानच्या इतिहासाचे दोन जाड इंग्रजी खंड काकांना दिले. काकांचं इंग्रजी सातवीपर्यंतचं. शब्दकोश घेऊन पहिला खंड संपवायला त्यांना चार वर्षं लागली. मधल्या काळात काय वाचत होतात असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पहिली तीस पानां."

त्या तीस पानांत जपानच्या सम्राटांची यादी होती. काका सम्राटांना नावाने ओळखत नसत. पहिला, दहावा, पंधरावा, सव्विसावा असं म्हणत, मस्टरातल्या अनुक्रमांकासारखं. पहिला म्हणे देवाच्या वंशातला, इसवी सनापूर्वी सहाशे साठ साली गादीवर बसला. जपानात दोन जुने ग्रंथ आहेत. एकात तो एकशे सत्तावीस वर्षं जगला, दुसऱ्यात एकशे सदतीस. "दोन मस्टरां, दहा वर्सांचो फरक," काका म्हणत, "आणि दोन्हीवर सायबाची सही." दहाव्याच्या वेळेपासून लढाया, रोगराई, भांडणं असं बरंच काही लिहिलेलं सापडतं. पण दुसरा ते नववा हे आठ जण असे, की त्यांच्याबद्दल आईचं नाव, बायकांची नावं, मुलगे, राजवाडा कुठे होता, थडगं कुठे आहे, एवढंच लिहिलं आहे. त्यांनी केलं काय, ते जवळपास काहीच नाही.

ही पानं वाचली त्या दिवसाचं वर्णन ते नेहमी एकाच पद्धतीने करत. "आठ जण. एक लढाई नाय, एक दुष्काळ नाय, भावाकडे भांडण नाय. बापूस मेलो, झील बसलो. बापूस मेलो, झील बसलो. मी पुस्तक मिटलंय आणि म्हटलंय, हे तर माझे शिरगावचे अकरा. जत्रेदिवशीही हजर!"

जपानचे अभ्यासक याच आठ जणांवर फार वर्षं भांडत आले आहेत, हे त्यांना दुसऱ्या खंडात कळलं. आपल्याला जे जेटीवर सुचलं ते थोरामोठ्यांना आधीच सुचलं होतं याचा त्यांना आनंदच झाला. काहींचं म्हणणं असं, की घराणं फार जुनं दिसावं म्हणून पुढच्या काळातल्या लेखकांनी हे आठ जण मध्ये भरले. जपानातही जुन्या काळी आपल्या पंचांगासारखं साठ वर्षांचं चक्र होतं. त्यातल्या सहाशे एक सालापासून एकवीस फेरे मागे मोजून त्यांनी पहिल्याची तारीख काढली असावी. मी हा हिशेब करून पाहिला आहे. इसवी सनाला शून्य वर्ष नाही हे ध्यानात ठेवलं तर बरोबर सहाशे साठ येतात. दुसरे काही अभ्यासक म्हणतात की लांबलचक आयुष्यं खोटी नसतील, तेव्हा कदाचित वसंतात एक आणि शरदात एक अशी एका वर्षाची दोन वर्षं मोजत असतील. यावर काका खूश होते. "डबल पाळी! ह्यो धंदो आमच्याकडेही चलता."

डिचोलीच्या बाजारात बुधवारी ते एका चहाच्या हॉटेलात बसत आणि तिथे या विषयावर वाद चाले. वाद घालायला एकच माणूस, तोच टायपिस्ट. तो हुशार होता. मामलेदार कचेरीत कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. त्याने जपानची बाजू घेतली होती.

"दोन हजार वर्सांचां घराणां," तो म्हणे, "आणि तुमी डिचोलीत बसान तां मोडतास?"

"मी मोडीत नाय. मी फक्त हजेरी बघतंय."

"राजाच्या घराण्याक लांबी लागता ओ! दोन पिढ्यांच्या राजाक कोण मुजरो करतलो?"

"म्हणान लांबी घालूची?"

"घालूची नाय तर काय? तुमी उगडे रवतास, म्हणान राजान उगडां रवाचां?"

हॉटेलवाला दोघांनाही ओरडे, कारण एका चहावर दीड तास जाई. मला तेव्हा या सगळ्याचा अर्थ कळत नव्हता. मी एका पतसंस्थेत नुकताच कारकून लागलो होतो आणि मला वाटे, एवढा नेमका माणूस, पण नेमकेपणा खर्च कुठे करतो आहे.

एक गोष्ट मात्र तेव्हाही मला आवडली होती. त्यांनी आपला जत्रेचा मुद्दा इंग्रजीत लिहून त्या इंजिनिअरला पाठवला होता. सात महिन्यांनी उत्तर आलं. इंजिनिअरने ते पत्र आपल्या शाळेतल्या इतिहासाच्या म्हाताऱ्या शिक्षकांना दाखवलं होतं. शिक्षकांनी एकच प्रश्न विचारला होता: मजुराबद्दल काही लिहिलेलं नाही म्हणून मजूर नव्हता, की हजेरी मांडणारा आळशी होता?

दुसरा कोणी चिडला असता. काका आठ दिवस चहाला आले नाहीत आणि नवव्या दिवशी दोन उंडे घेऊन आले. "माका खोडलो," असं हसत सांगत होते, जशी बढती मिळाली. त्यांच्या जपानच्या वहीत तोवर दोन रकाने होते, "नव्हते म्हणणारे" आणि "असतील म्हणणारे". त्या दिवशी त्यांनी तिसरा रकाना आखला, "मांडणारा आळशी". पुढे त्या तिन्ही रकान्यांत ते लिहीत राहिले, पण बेरीज कधी केली नाही. त्यांना जे म्हणायचं होतं ते एवढंच: माणूस खरा असेल तर त्याचा कुठेतरी खाडा पडलेला असतो. खाडा नाही सापडला तर शोधत राहायचं. आपण भरायचा नाही.

आता परत जानेवारीकडे.

वडिलांनी त्यांना उठवलं त्यानंतर आमच्या घरी सहा चाळीसला कोणी येईना. वडील त्या वेळी मुद्दाम परसात जाऊन काहीतरी तोडत बसत. सुनावणीची तारीख लागली होती आणि टायपिस्ट सांगून गेला होता की सही नसली तरी कागद दाखल करू. मला त्या कागदाची भीती वाटू लागली होती. भाटकाराच्या वकिलाने एका पिढीचा पुरावा मागितला असता तर नऊच्या नऊ गळून पडल्या असत्या, आणि त्यांच्याबरोबर खरे आजोबाही.

अकराव्या दिवशी मी काकांच्या खोलीवर गेलो. खोलीत खाट, शेगडी, दोन खंड आणि भिंतीवर कॅलेंडर. कॅलेंडरवर ते स्वतःची हजेरी मांडत. वाचन झालं तर निळी खूण, नाही तर तांबडी फुली आणि खाली बारीक अक्षरात कारण. "दात." "आळस." सतरा जानेवारीनंतरच्या दहाही चौकोनांत तांबडी फुली होती आणि खाली प्रत्येक वेळी एकच शब्द: "चहा."

"एक," ते म्हणाले. मी आत आलो तसं त्यांनी मला मोजलं. मग म्हणाले, "तू येतलंस म्हणान मी काढून ठेवलंय."

खाटेवर खिशातल्या वह्यांची चळत होती, १९६२ पासूनची. त्यांनी १९६३ सालची उघडून माझ्या हातात दिली. मे महिना. आजोबांचं नाव, पुढे दोन फुल्या, आणि कारण: घर शाकारणे.

मी १९६४ ची उघडली. मे, दोन फुल्या, घर शाकारणे. १९६५. १९६६. मी खाटेवर बसून सगळ्या वह्या पाहिल्या. पावसाआधी झापं बदलायला आजोबा दर मे महिन्यात दोन दिवस घरी राहत आणि दोन दिवसांची मजुरी बुडवत. १९७१ पर्यंत नऊ वर्षं, अठरा दिवस. १९७२ च्या मे महिन्यात तीन फुल्या होत्या: घरावर नळे घालणे. आमच्या घरावर आजही तेच नळे, म्हणजे कौलं, आहेत, फुटलेले सोडून.

"हे तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगूक देतलो काय तुझो बापूस? नऊ जण बसलले थंय. माका जागाच नव्हती."

वह्या घेऊन मी घरी आलो. वडिलांनी प्रथम हात लावला नाही. मग चष्मा मागितला. शाकारणीच्या नोंदी त्यांनी पाहिल्या, मान हलवली आणि पान उलटलं. त्यांना वह्या खाली ठेवता येईनात. खाडा, पायात खिळा. खाडा, सावकाराकडे जाणे. खाडा, दारू, हे वाचून ते पहिल्यांदा हसले. मग १९६४ च्या सप्टेंबरात त्यांचं बोट थांबलं. सलग सहा फुल्या. कारण: मुलगा आजारी, उशाशी बसणे.

वडील एकुलते एक होते. त्या वर्षी दहा वर्षांचे. त्यांना टायफॉइड झाला होता हे मला माहीत होतं, पण आजोबांची आठवण ते नेहमी एकच सांगत, की म्हातारा कधी जवळ घेत नसे, सदा कामावर. त्यांनी ते पान माझ्यासमोर धरलं. "सा दिस," ते म्हणाले. "सा दिस घराक बसललो माझो बापूस." थोड्या वेळाने त्यांनी फळीवरचा नऊ पिढ्यांचा कागद काढला, चार तुकडे केले आणि चुलीत घातले. मग सदरा चढवून स्वतः काकांच्या खोलीवर गेले. मी मागून गेलो.

"टायमकीपरानू," दारातून ते म्हणाले, "चाय निवता."

काकांनी उंडो शोधला. त्या दिवशी आणलेला नव्हता. तसेच आले. मी त्यांना उंड्याशिवाय चहा पिताना पाहिलं ते तेवढंच.

चहा पिताना वडिलांनी मनातलं विचारलं. नऊ नसतील तर दोनच पिढ्या, एक बाप आणि एक आपण. लोक हसणार नाहीत का?

काकांनी त्यांना सव्विसाव्याची गोष्ट सांगितली. जपानचा पंचविसावा मूल नसताना मेला. तेव्हा दूरच्या मुलखातून एक माणूस आणला, तो सव्विसावा. तो पंधराव्याचा पाचव्या पिढीतला वंशज, असं ग्रंथात लिहिलं आहे, पण मधल्या पिढ्या धड दिलेल्या नाहीत. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की तो वेगळ्याच घराण्यातला; काही म्हणतात, नाही, दूरचा नातलग खरा. गादीवर बसल्यावरही राजधानीच्या मुलखात पाय ठेवायला त्याला वीस वर्षं लागली. पण त्याच्यापासून पुढे आजपर्यंत आलेला धागा बहुतेक सगळे मानतात.

"तुमचो बापूस सव्विसावो," काका म्हणाले. "भायरसून इलो. गावात शिराक वर्सां गेली. पण तेच्यापासून पुढचां सगळां पक्कां. मागे नऊ जण कित्याक होये?"

वडिलांनी चहाचं भांडं उचललं. काकांचा कप रिकामा झाला होता तो भरला.

सुनावणी जूनमध्ये झाली. भाटकाराचा वकील चांगला होता, त्याने नेमकं तेच विचारलं जे मीही विचारलं असतं. "ही वही कंपनीची नाही. तुमची खासगी. हिच्यात तुम्ही कालसुद्धा काही लिहू शकला असता."

"होय, सायबा."

"म्हणजे तुम्ही सांगता म्हणून आम्ही खरं मानायचं?"

"नको. १९६६ चो नोव्हेंबर बघा."

वकिलाने पाहिलं. तीन दिवसांचे रकाने कोरे होते. निळं नाही, तांबडं नाही.

"इथे काही नाही."

"मी आजारी होतंय. माझो खाडो. जे मी बघूक नाय तां मी लिवलां नाय. अशे एकशे सत्तेचाळीस दिस आसत बावीस वर्सांत. सगळे कोरे."

मामलेदार तरुण होते. त्यांनी वह्या मागवून घेतल्या आणि बराच वेळ चाळल्या. एकदा हसू आलं ते त्यांनी दाबलं. बहुधा बैल हरवला होता त्या पानावर. मग त्यांनी वकिलाला विचारलं, "घर नव्हतं, तर हा माणूस दर मे महिन्यात मजुरी बुडवून शाकारत काय होता?"

वकिलाने कागद आवरले.

टायपिस्ट मागच्या बाकावर बसला होता. बाहेर आल्यावर त्याने वडिलांना पन्नास रुपये परत केले. "चार पिढ्यो तरी माझ्या स्वताच्या घराण्यातल्यो होत्यो," तो म्हणाला, "तेंचे चाळीस मी ठेवतंय." पुढच्या बुधवारी तो आणि काका हॉटेलात पुन्हा आठ जणांवर भांडत होते. टायपिस्ट शेवटपर्यंत जपानच्या बाजूने राहिला.

काही वर्षांनी काकांना दिसेनासं झालं आणि पुतण्या त्यांना मांद्र्याला घेऊन गेला. समुद्राजवळ पुतण्याने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. मी वर्षातून दोनदा जाई. "एक," ते म्हणत, डोळे नसतानाही, चपलांच्या आवाजावरून. एकदा पुतण्याकडे एक जपानी मुलगी उतरली होती. काकांनी तिला अंगणात बोलावून घेतलं आणि वीस वर्षांपूर्वी जुळवलेल्या इंग्रजीत विचारलं, दुसरा ते नववा यांच्याबद्दल तुझं मत काय. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, मला माहीत नाही, शाळेत शिकवलेलं आठवत नाही. मला वाटलं ते हिरमुसतील. ती गेल्यावर म्हणाले, "बरी पोर. माहीत नाय तां माहीत नाय म्हटलान." आणि मला वहीत लिहायला सांगितलं. कुठल्या रकान्यात लिहू असं मी विचारलं तेव्हा त्यांनी चौथा रकाना आखून घेतला.

त्या वह्या आता माझ्याकडे आहेत. मी पतसंस्थेत एकतीस वर्षं काढली आणि मला प्रामाणिक समजतात. त्यातलं माझं किती आणि त्या कोऱ्या रकान्यांचं किती हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. माझ्या मुलीला शाळेत घराण्याचा वृक्ष काढून आणायला सांगितला तेव्हा तिने वर एकच नाव लिहिलं, पणजोबांचं, आणि त्याच्या वर पेन्सिलीने "माहीत नाही". बाईंनी शेरा मारला, वरचा भाग अपूर्ण. मी खाली सही केली.

राहिली देणी. मामलेदारांचा निकाल ऑक्टोबरात लागला. जागा तीनशे चौरस मीटर, दर आठ रुपये. दोन हजार चारशे रुपये वडिलांनी भाटकाराच्या मुलाला दिले आणि पावती घेतली. कारकून पावतीवर वडिलांचं नाव लिहून पुढे "राहणार" म्हणून आमच्या वाड्याचं नाव घालत होता. वडिलांनी त्याला थांबवलं आणि सिंधुदुर्गातल्या आजोबांच्या गावाचं नाव सांगितलं. "मूळ गाव म्हणान लिव. मगे हयचां लिव." ते नाव त्यांनी कचेरीत मोठ्याने उच्चारलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

साक्षीदाराला बसभाडं अर्जदाराने द्यायचं असतं. सुनावणीच्या दिवशी संध्याकाळी वडिलांनी काकांपुढे पन्नासची नोट धरली होती. ती त्यांनी घेतली नाही. डिचोलीचं भाडं दीड रुपया, जाऊन येऊन तीन. पण परत येताना ते वडिलांच्या ट्रकात बसून आले होते. तेव्हा त्यांनी दीड रुपया घेतला, मोजला, आणि मला पावती लिहायला लावून तिच्यावर सही केली.